मेंबरशिप रद्द करण्याचा माझा लढा

शनिवार, ११ जानेवारी
दुपारी फोन. मॉलमध्ये भरलेल्या कुपनावर प्रेशर कुकर लागला म्हणे. उद्या मुंबई नाक्यावरच्या हॉटेलात एका हॉलिडे क्लबचा सेमिनार आहे, जोडीने यायचं, कुकर घेऊन जायचा. सुवर्णा म्हणाली, घरात दोन कुकर आहेत. मी म्हटलं, प्रश्न कुकरचा नाही, हक्काचा आहे.
प्लॅन: चहा, समोसा, कुकर, घर. अंबडच्या कंपनीत अठरा वर्षं परचेसमध्ये काढली आहेत. भल्याभल्या सप्लायरना घाम फोडलाय. मला कोण काय विकणार?

रविवार, १२ जानेवारी, रात्री
कुकर मिळाला नाही. कुरिअरने येणार.
सेमिनार तासाभराचा होता, संध्याकाळपर्यंत चालला. कानठळ्या बसवणारी गाणी. कुणी सही केली की घंटा वाजवायचे आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. आमच्या टेबलावर योगेश नावाचा पोरगा. टाय बांधलेला. दोन वेळा उठलो, दोन्ही वेळा त्याने सुवर्णाला सरबत आणून दिलं. तिसऱ्यांदा मॅनेजर आला. मग मी माझ्या पद्धतीने घासाघीस सुरू केली. किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली. मॅनेजरचा चेहरा पडला. योगेश म्हणाला, "सर, तुमच्यासारखं निगोशिएशन मी आजवर पाहिलं नाही." खरं बोलतो पोरगा.
एवढं खाली आणल्यावर सही न करणं बरं दिसलं नसतं. पंचवीस वर्षं, दरवर्षी आठवडाभर सहल. दोघांच्या सह्या. पैसे खात्यातून गेले.
सुवर्णा रिक्षात डोळे मिटून बसली. थकली असेल. ते पैसे देवळाली कॅम्पातल्या गाळ्याच्या डिपॉझिटचे होते, तिच्या ब्लाउजच्या दुकानासाठी. महिनाअखेर भरायचे आहेत. भरू. त्यात काय.

सोमवार, १३ जानेवारी
डोकं फिरलंय. बुकिंगसाठी फोन केला. महाबळेश्वर फुल. गोवा फुल. मे महिना मेंबरांसाठी बंद. दिवाळी बंद. जुलैत मिळेल, तेही मेंटेनन्स वेगळा भरला तर. आणि कुकरचं कुरिअर माझ्या खर्चाने!
चोर. नालायक. टाय बांधलेले दरोडेखोर.
कॉन्ट्रॅक्ट बाहेर काढलं. मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, दहा दिवसांत लेखी कळवल्यास रद्द करता येईल. सुवर्णा म्हणाली, आत्ताच दोन ओळींचा ईमेल टाका. मी समजावलं की दोन ओळींना असली माणसं भीक घालत नाहीत. पत्र असं गेलं पाहिजे की वाचणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे. ती फोन घेऊन आत गेली. बायकांना पेशन्स नसतो.

गुरुवार, १६ जानेवारी
मसुदा पहिला फाडला. फार सौम्य होता.

रविवार, १९ जानेवारी
मसुदा तिसरा. 'विश्वासघात' शब्द पाच वेळा आलाय, जोर कमी पडतोय. शेजारचे कारभारी आप्पा एसटीतून रिटायर झालेत, सस्पेन्शनची बरीच पत्रं त्यांनी पाहिली आहेत. त्यांनी 'सबब' आणि 'उपरोक्त' असे दोन शब्द दिले. फरक पडला.

गुरुवार, २३ जानेवारी
पत्र तयार. काय पत्र झालंय! ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं. पोस्टात रजिस्टर केलं. काउंटरवरच्या बाईला सहज मुदत सांगितली, तर ती म्हणाली, मुदत कालच संपली.
संताप. दहा दिवस म्हणजे कामाचे दहा दिवस धरायला नकोत? संक्रांत मधे आली त्याचं काय? या देशात सामान्य माणसाने न्याय मागायचा कुठे?
सुवर्णाला सांगितलं नाही. तीही विचारत नाही. माझ्यावर विश्वास आहे.

शनिवार, २५ जानेवारी
ठरलं. उद्या त्याच हॉटेलात पुन्हा सेमिनार आहे. भर सभेत माईक हिसकावून त्यांचे कपडे उतरवणार. साक्षीदार म्हणून आप्पा येतात.

रविवार, २६ जानेवारी
जिंकलो.
माईक हिसकावावा लागला नाही. योगेशनेच आणून दिला. मी सुरुवात केली: मी अठरा वर्षं परचेसमध्ये आहे, मी व्यवहाराला पक्का माणूस आहे. एवढ्यात टाळ्या. योगेशने मधेच दुसरा माईक घेऊन सांगितलं, असा पारखी माणूस आपला मेंबर आहे. पुन्हा टाळ्या. पुढचं बोलणं त्या आवाजात राहून गेलं. मागच्या टेबलावर घंटा वाजली. त्यांनी व्हिडिओही काढला.
मग केबिनमध्ये नेलं. तिथे मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, हे कॉन्ट्रॅक्ट रद्द म्हणजे रद्द. मॅनेजरने हात जोडले. जुनं कॉन्ट्रॅक्ट माझ्यासमोर फाडलं. त्याजागी गोल्ड मेंबरशिप, पहिल्या वर्षीचा मेंटेनन्स माफ. थोडा फरक भरला. दोनचार कागदांवर सह्या केल्या.
आप्पांनी दोन प्लेट पुलाव खाल्ला. येताना म्हणाले, "लय भारी बोलला, धनराज. मला पन वाटलं घ्यावं. चेकबुक नव्हतं म्हणून राहिलं."

सोमवार, २७ जानेवारी
सुवर्णाला विजयाची बातमी दिली. तिने हातातली कात्री खाली ठेवली.
तिने त्याच सोमवारी, तेराला, स्वतःच्या फोनवरून दोन ओळींचा ईमेल टाकला होता. कंपनीचं उत्तरही आलं होतं: रद्द केलं, पैसे परत येतील. मग तिने मी काल सह्या केलेले कागद वाचले. त्यांत मी लिहून दिलंय की तो ईमेल आम्ही मागे घेतो आणि पुन्हा रद्द करायला सांगणार नाही.
मला सांगायचं ना! मी ओरडलो. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही तो सुधारायला बसला असता."
हा काय आरोप झाला? रागाने जेवलो नाही. कुणी वाढलंही नव्हतं.

शनिवार, १ फेब्रुवारी
कॅम्पातला गाळा मोबाइल कव्हरवाल्याला गेला. सुवर्णाने शिलाई मशीन हॉलमध्ये, माझ्या खुर्चीच्या जागी आणलं. दिवसभर घरघर. टीव्हीचं काही ऐकू येत नाही. बोलायची सोय नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
सुवर्णाच्या एक गिऱ्हाईक, ज्योत्स्नाताई, ग्राहक मंचात वकिली करतात. तिने परस्पर भेट ठरवली. मी माझ्या पत्राची प्रत नेली. ताईंनी पहिलं पान वाचलं आणि ती टेबलाच्या कडेला ठेवली.
त्यांचं म्हणणं, केस होऊ शकते. फक्त मी लिहून द्यायचं: 'गाण्यांच्या गोंगाटात आणि दबावाखाली मला कागद समजले नाहीत. मी गोंधळलो आणि दोन्ही वेळा सही केली.'
मी म्हटलं, परचेसमधला माणूस असं कसं लिहील? निदान 'अनुभवी अधिकारी असूनही' एवढं घाला. ताईंनी ते घातलं, वाचलं आणि खोडलं. मी म्हटलं, घासाघीस मी केली होती, तेही यावं. सुवर्णा म्हणाली, "अहो, सही करा. मला दुकान टाकायचंय."
तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच असेल, मी वाद घातला नाही. केली सही.
निघताना मी विचारलं, मंचाला हे पटेल का? माझ्या तोंडाकडे बघून कुणाला वाटेल की मी गोंधळलो?
ज्योत्स्नाताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुवर्णाला म्हणाल्या, "काळजी करू नका. ह्यांना फक्त पाच मिनिटं बोलू द्यायचं."
रिक्षात सुवर्णा महिन्याभराने हसली. सिडकोतलं घर येईपर्यंत हसत होती. त्यात हसण्यासारखं काय होतं, मी विचारलं नाही.