जबडा सैल सोडा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं आयुष्य नेमकं कधी पालटलं ते सांगतो. गेल्या सोमवारी तिने माझ्या डोक्याभोवती टेप गुंडाळली आणि म्हणाली की तुझं डोकं चांगलं आहे, तेव्हा. माझ्या डोक्याबद्दल आजवर असं कुणी म्हटलेलं नाही. तूही नाही.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू पत्रच लिहायचं असं फर्मावलंस, तेव्हा आता सविस्तर वाच. नोकरी विद्यापीठातल्या मेंदूच्या प्रयोगशाळेत आहे. हुद्दा संशोधन साहाय्यक, काम टोप्या धुण्याचं. या कापडी टोप्यांना बारीक चकत्या असतात. प्रत्येक चकतीखाली बोथट सुईने जेल भरायचं, म्हणजे डोक्यातली वीज वायरीतून जाऊन पडद्यावर तिच्या रेषा उमटतात. माणूस गेला की टोपी जुन्या टूथब्रशने घासायची.

माझं डोकं मोजणारी ती इथे पीएच.डी. करते. विषय काय, तर वाट बघताना मेंदूत काय होतं. बीप वाजली की नुसतं थांबायचं, दिवा लागला की बटण दाबायचं. त्या मधल्या थांबण्यात मेंदूत एक लाट हळूहळू चढत जाते म्हणे. बाहेरची माणसं येण्याआधी टोपी तपासायला ती रोज माझंच डोकं घेते. मी आतल्या बंद खोलीत, ती बाहेर पडद्यासमोर, आणि स्पीकरवरून तिचा आवाज येतो की डोळे मीट, जबडा सैल सोड. ताई, इतक्या मायेने माझ्याशी कोण बोललंय?

अडचण एकच. दात आवळले की जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला गिळून टाकते आणि सगळ्या रेषा काळ्याकुट्ट होतात. म्हणजे मी दात-ओठ खाल्ले की तोंड उघडायच्या आत ते पडद्यावर दिसतं! शिवाय दार आपटलं की नोंद हलते. ते हळू लावायची जबाबदारी (हसू नकोस) माझ्याकडे आहे.

बाबांना नमस्कार, त्यांना चालत असेल तर. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


११ जून

रा. रा. संतापराव यांस,
अ. उ. आ.

डोकं चांगलं म्हणजे टोपीच्या मापाचं, वेड्या. उद्या शिंप्याने छाती मोजून चांगली आहे म्हटलं तर त्याच्या गळ्यात पडशील का? आणि रोज तुझंच डोकं घेते, कारण तू पगारी आहेस आणि हाताशी आहेस.

दाराचं वाचून मी इतकी हसले की बाहेर बाबांनी रेडिओ बारीक केला. ते तुझ्याबद्दल विचारत नाहीत. पण मी स्वयंपाकघरात तुझं पत्र मोठ्याने वाचायला लागले की रेडिओ आपोआप खाली येतो. प्राध्यापकांना नको नको ते सुनावून तू कॉलेज सोडलंस, आणि बाबांनी जाब विचारला तर घराचं दार आपटून गेलास. त्या दाराची कडी अजून वाकडीच बसते. मी सुतार बोलावते म्हटलं, तर बाबा म्हणाले, ज्याने वाकवली तो सरळ करील. यावरून काय ते समज.

हीही नोकरी तशीच घालवलीस तर मला पत्र लिहू नकोस. नाही, लिही. पण मी ते मोठ्याने वाचणार नाही.

लहानपणी तू दात-ओठ खायला लागलास की मी तुला जिभेचं टोक दातांत धरायला लावायचे, आठवतं? चावली की रडायचास, पण राग पळायचा. अजून जमतं का बघ.

जेवत जा. माया आहेच, अक्कलही असू दे.

तुझी ताई


२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिंप्याची गोष्ट अजिबात आवडली नाही.

इथे एक गणिती आहे. रेषांच्या गुंत्यातून ती लाट शोधून देणं हे त्याचं काम. बोलताना चष्मा कपाळावर चढवतो आणि मग तोच चष्मा टेबलभर शोधतो. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलते आणि माझ्याशी स्पीकरवरून. पण टोपी माझ्या डोक्यावर असते, त्याच्या नाही, हे लक्षात घे.

परवा माझ्या कपाळावर ओघळलेलं जेल तिने स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि रुमाल परत मागितला नाही. यावर तुझं काय म्हणणं आहे?

थोड्याच माणसांच्या नोंदी उरल्यात. शेवटची झाली की मी तिला सगळं सांगणार. तोवर थांबतो. थांबण्याचा तर आता सरावच झालाय.

दात कमी खातो हल्ली. बाबांच्या कानावर जाईल अशा आवाजात हे वाच.

तुझा धाकटा


५ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जेलने बरबटलेला रुमाल मीही परत मागितला नसता.

विचारायचंच असेल तर सरळ आणि लवकर विचार. वाट बघणं हा तिचा विषय आहे, तुझा नव्हे. नाही म्हणाली तर नाही ऐकून घे. त्याने कुणी मरत नाही. तुझ्या या ताईला विचार, म्हणजे नको विचारूस.

बाबांनी कडीला तेल घातलं. सरळ नाही केली, नुसतं तेल घातलं.

तुझी ताई


१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी विचारलं नाही. विचारायच्या आधीच उत्तर मिळालं.

गेल्या आठवड्यात सकाळी मी टोपी घालून आत डोळे मिटून बसलो होतो. गणित्याचं कोपर बोलण्याच्या बटणावर टेकलं असणार, कारण स्पीकरमधून दोघांचं बोलणं यायला लागलं. आपण लग्न करून परदेशी चाललोय हे त्या पोराला सांगितलंस का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, अजून नाही. तो माझ्यासाठी इथे टिकलाय हे मला कळत नाही का? भडक डोक्याचा आहे, ऐकलं की दार आपटून जाईल, मग उरलेल्या नोंदी कोण घेणार? तेवढ्या होऊ देत. मग तिने मध्येच विचारलं की या रेषांना काय झालं.

पडद्यावर मी दिसत होतो, ताई.

स्पीकर खट् करून बंद झाला. आत कुणी आलं नाही. टोपी ओरबाडायला माझा हात वर गेला होता. वायरी तुटल्या असत्या, सगळं काम ठप्प झालं असतं, आणि खरं सांगू, तेच हवं होतं मला. मग तुझी जीभ आठवली, म्हणजे माझीच. दातांत धरली. चावली. पुढचं विचारू नकोस.

बऱ्याच वेळाने ती दारात येऊन उभी राहिली. ऐकू आलं का म्हणाली. मी म्हटलं, स्पीकर चांगला आहे. ती म्हणाली की तिचं चुकलं, आधीच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, टोपी काढ. आणि केसांतलं जेल तसंच घेऊन निघालो. कायमचाच निघालो होतो.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते, निवृत्त पोस्टमन. केस धुऊन या, तेल लावू नका, असं मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. ते केस धुऊन तर आलेच होते, वर कापूनही आले होते, नवा भांग पाडून. माझा अवतार बघून त्यांनी घाबरत विचारलं की फार दुखतं का. मी म्हटलं, नाही आजोबा, नुसतं गार लागतं. आता या माणसाला परत कसं पाठवायचं? त्यांना आत नेलं, टोपी चढवली आणि सांगितलं की जबडा सैल सोडा. त्यांची लाट इतकी सुरेख चढली की गणित्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

मग बाकीचेही बसवले. आज शेवटची नोंद झाली. प्रबंधाच्या आभारांत माझं नाव घालते म्हणाली. मी म्हटलं, घाल, पण पूर्ण नाव. रुमाल धुऊन तिच्या टेबलावर ठेवलाय. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणाल्या की पुढच्या प्रयोगालाही मीच हवा, पण कॉलेज पुरं कर. मी जबडा सैल सोडून ऐकून घेतलं. हो म्हटलेलं नाही अजून.

रविवारी येतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. बाबांना सांग, कडीला हात लावू नका.

लोभ ठेव. सध्या जरा जास्तच लागेल.

तुझा धाकटा

ता. क. सगळे गेले. टोपी धुऊन खुंटीला लावली. आत कुणी नाही, नोंद चालू नाही, त्यामुळे दार कितीही आपटलं तरी कुठल्या रेषेला कळायचं नाही. पाकीट चिकटवतो, दिवा घालवतो, बाहेर पडतो आणि दार हाताने धरून हळूच लावतो.