त्या पोस्टखाली मी जे लिहिलं

ताई,

तुला सलाम, दाजींना सलाम. दाजींच्या कॉफीच्या झाडांनाही सलाम, कारण त्यांची चौकशी आधी केली नाही तर दाजी पत्र पुढे वाचू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुझी कंबर कशी आहे? तिकडे डोंगरावर थंडी असेल. इथे मी खाटेवर भाजतेय. खाटेखाली निखारे, पोटावर फडक्यात गुंडाळलेला गरम दगड, आणि खायला कोरडा भात नि मीठ लावलेली सुकी मासळी. बाळंतपणाचा आज एकोणिसावा दिवस. चव्वेचाळीस होईपर्यंत जिना उतरायचा नाही. इन्तान बरी आहे, दूध पिते, शिंकते. ती शिंकली की मी घाबरते. नाही शिंकली तरी घाबरते. निखारा तडकला की घाबरते. सासूबाई म्हणतात, हिला भूत नको घाबरवायला, हिची हीच पुरे. (त्या चांगल्या आहेत. दगड मात्र जरा जास्तच गरम करतात.)

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बोलायला लागले की नणंदबाई, आमची मुतिया, दाराशी येऊन उभ्या. आणि जे सांगायचंय ते मुतियाने ऐकून चालणार नाही. म्हणजे तिला अर्धं माहितीच आहे, तिनेच तर मला यात घातलं. म्हणून कागदावर लिहितेय. शनिवारी तुमच्याकडे, तकेंगोनला, गाडी जाते, त्या ड्रायव्हरकडे देईन. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, पाचवीनंतर आजच एवढं लिहितेय.

झालं असं. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी मी रडत बसले होते, कशाला ते आठवत नाही. मुतिया म्हणाली, वहिनी, रडायचंच आहे तर फोनवर रड, पैसे तरी मिळतील. ते एक ॲप आहे ना, त्यावर आपण काहीबाही लिहायचं, फोटो टाकायचा, लोकांनी मत दिलं की सात दिवसांनी पैसे जमा होतात. इथे कॉफीघरात सगळे पुरुष त्याच्यावरच डोकं खाली घालून बसलेले असतात. बायकांना कळलंय हे त्यांना अजून कळलेलं नाही. मुतियाने माझं खातं उघडलं, नाव दिलं गुलाब७७. (पहिले शहात्तर गुलाब आधीच गेले होते.)

मुतियाची नऊ बायकांची टोळी आहे. दिवसाला तीन पोस्ट टाकायच्या आणि एकमेकींना मतं द्यायची, एवढाच धंदा. वाचायचं नाही. वाचण्यात वेळ जातो, म्हणे, नि वेळ म्हणजे मतं. एकच तळलेलं केळं तिने तीन बाजूंनी काढलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन पोस्ट. रोस्मिना म्हणून एक आहे, तिने एकदा चुकून कपड्यांच्या पावडरीच्या पुड्याचा फोटो टाकला. खाली चाळीस जणींनी लिहिलं, 'वा ताई, तोंडाला पाणी सुटलं.' त्या पुड्याचे पैसे आले, ताई! आणि एक म्हातारे मास्तर आहेत, त्यांनी आंबट फळं मीठ लावून सुकवायच्या लोणच्यावर अठरा दिवस खपून लिहिलं, रोज ऊन कसं पडलं त्याच्यासकट. त्यांना दोन मतं. एक त्यांचं स्वतःचं.

मी पडल्या पडल्या त्यांचं वाचलं. मला भराभर वाचता येत नाही, अक्षरावर बोट ठेवून वाचावं लागतं, त्यामुळे काही सुटत नाही. नि मला करायचंय तरी काय? दगड गार होईपर्यंत हलता येत नाही. मी मास्तरांना खाली लिहिलं, मास्तर, सहाव्या दिवशी पाऊस आला म्हणता, मग फळं आत कुणी घेतली? त्यांनी तेवढ्याच लांबीचं उत्तर लिहिलं. खूष झाले. मग मी सगळ्यांचंच वाचायला लागले. एकाला विचारलं, तुमची बोट मंगळवारी निघाली नि सोमवारी परत कशी आली? एकीला म्हटलं, तुझा केक मधे बसलाय गं. मुतिया ओरडली, वहिनी, तू धंदा बुडवशील! पण गंमत म्हणजे माझ्या प्रश्नांना मतं यायला लागली. बांदा आचेला एक पाक हुस्नी म्हणून गृहस्थ आहेत, त्यांचं मत फार जड, एक पडलं की महिन्याचे तांदूळ. त्यांनी लिहिलं, ही गुलाब७७ बाई निदान वाचते तरी. मी ते वाचून पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

आता मुद्द्यावर येते. पाक हुस्नींनी स्पर्धा काढली, 'माझ्या आयुष्यातली खरी गोष्ट'. निकाल ह्या शुक्रवारी. गेल्या शनिवारी मला एक पोस्ट दिसली, लिहिणारा 'समुद्रपुत्र'. नाव वाचून वाटलं कॉलेजातला पोरगा असेल. एवढी लांब पोस्ट की मला वाचायला दोन दगड लागले. त्याची बायको बाळंत होते. रात्र आहे, खिडकीत चांदण्या आहेत, हा रात्रभर तिचा हात धरून बसलाय, ती मोगऱ्यासारखी हसते नि म्हणते, बघा, आपली लेक आली. खाली दीडशे लोकांनी लिहिलेलं, खूप छान पोस्ट, डोळे भरून आले. मला इतका राग आला, ताई! माझे टाके ओढत होते. मी लिहिलं, अगदी शब्दाला शब्द सांगते: 'भाऊ, मी चौदा दिवसांची बाळंतीण आहे. त्या वेळी बाई हसत नाही. तुम्ही हात धरला असता तर हातावर नखं उमटली असती आणि ती तुम्ही नक्की लिहिली असती. तुम्ही तिथे नव्हता. माझे पण नव्हते, कॉफीघरात नूडल्स खात होते. त्यात लाज नाही. पण मग तसं लिहा.'

तुला कळलंच असेल. मला नाही कळलं. माझी इन्तान भर दुपारी झाली, चांदण्या कुठल्या? आणि मोगरा? मला कधी कुणी कांदा पण म्हटलं नाही. मुतियाने दुसऱ्या दिवशी फोन बघितला नि दार लावून घेतलं. म्हणाली, वहिनी, अगं समुद्रपुत्र म्हणजे आपला झुल्फान.

झुल्फान म्हणजे हेच. तुझे मेहुणे.

माझ्या त्या ओळींना पोस्टपेक्षा जास्त मतं पडली. पाक हुस्नींनी खाली लिहिलं, लेखकाने ह्या बाईंना उत्तर द्यावं, मगच निकाल. आणि ह्यांनी उत्तर दिलेलंच नाही. पाच दिवस हे घरात डोकं धरून बसतात आणि त्या बाईला शिव्या देतात. मलाच येऊन देतात! म्हणतात, 'कोण बया आहे ही? नवऱ्याने टाकलेली दिसते.' मी म्हणते, असेल बाई. 'हिच्या नवऱ्याचं काय होत असेल गं? रोज असं खात असेल त्याला.' मी म्हणते, बिचारा. त्यांना माझा संशयसुद्धा येत नाही, कारण मला लिहिता येतं हेच त्यांना माहीत नाही. आणि नूडल्सवरून ओळखायचं म्हटलं तर अख्ख्या किनाऱ्यावरचे नवरे त्या वेळी नूडल्सच खात असतात.

हसू नकोस. बोट दुरुस्तीला वर काढली होती, शनिवारी पाण्यात जातेय. हे म्हणाले होते, पहिला नंबर आला तर ह्या मोसमात बोटीवर जाणार नाही, जमिनीवरच राहीन, लिहीन. बोट जुनी आहे, ताई. मागच्या मोसमात दोनदा इंजिन बंद पडलं होतं. हे बाहेर असले की मी भात गिळू शकत नाही. आणि आता मीच माझ्या हाताने ह्यांना बोटीवर चढवतेय.

सात दिवसांच्या आत आपलं लिहिलेलं बदलता येतं. आज गुरुवार. बदलू का? मुतिया म्हणते बदल, त्यात विचार काय करायचा. पण पाच दिवस मी हाताचं बोट त्या बटणापर्यंत नेते आणि परत आणते. कारण मी जे लिहिलं ते खरं आहे. आणि ते मोगऱ्याचं खोटं आहे, नि तरी मी ते चारदा वाचलं. तू सांगशील तसं करीन. (हे पत्र तुला मिळेपर्यंत निकाल लागून बोट गेलेली असेल, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण लिहिलं ते राहू दे.)

सासूबाई दगड घेऊन येतायत. दाजींना सांग तब्येत जपा. मुलांना पापे.

तुझी
सफ्रीदा

ता.क. शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर. बदललं. काल संध्याकाळीच. ते सगळं पुसलं आणि तिथे लिहिलं, 'खूप छान पोस्ट, भाऊ.' आज हे घरी आले तर चेहरा आणखीच पडलेला. मी म्हटलं, आता काय झालं? म्हणाले, त्या बाईने प्रश्न मागे घेतला. मी म्हटलं, मग बरंच झालं की! हे म्हणाले, 'दीडशे लोकांत तिने एकटीने वाचलं होतं गं. तीही आता त्यांच्यातलीच झाली.' आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ताई, माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, वाचलंय मी, चारदा.

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मी इन्तानला छातीशी धरून ठेवलं, म्हटलं हातात बाळ असताना मारणार नाहीत. (त्यांनी कधीच मारलेलं नाही. तरी.) मग हळूच म्हणाले, नूडल्स मागवल्या होत्या, खाल्ल्या नाहीत. मुतिया बोलवायला आली तेव्हा गार झाल्या होत्या. मी विचारलं, मग त्याआधी कुठे होता? तर म्हणाले, घराखाली. खांबाला धरून. तू ओरडत होतीस तोवर उभा होतो. मग तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं, संपलं. म्हणून कॉफीघरात पळालो.

म्हणजे त्यांचंही खोटं निघालं नि माझंही. मी म्हटलं, एवढंच लिहा. म्हणाले, पळालेल्या माणसाला कोण मत देतं? पण तिथेच खाटेच्या कडेला बसून लिहिलं, सहा ओळी. दुपार लिहिली. मोगरा काढला. मी म्हटलं मोगरा राहू द्या, तर म्हणाले, नाही, खरी गोष्ट आहे. (एवढं पण खरं नको होतं.) पहिला नंबर एका बकरीच्या गोष्टीला गेला. बकरीची गोष्ट मी वाचली. चांगली आहे.

ता.ता.क. शनिवार सकाळ. बोट गेली. मला जिना उतरता येत नाही म्हणून खिडकीतून बघितली, मग दिसेना. ड्रायव्हर खाली हॉर्न देतोय, म्हणून पटकन लिहिते. सल्ला नकोय मला, पत्र त्यासाठी नव्हतंच बहुतेक. त्या सहा ओळींना सातच मतं आहेत. एक माझं, एक मुतियाचं, एक मास्तरांचं. बाजारच्या दिवशी खाली तकेंगोनला येशील तेव्हा तिथे सिग्नल असतो. खातं उघड आणि एक मत दे. दाजींचं पण उघड. पण आधी वाच, शेवटपर्यंत, दोघांनीही.

हे मंगळवारी येणार. जाताना म्हणाले, किनाऱ्याला लागलो की आधी घरी येऊन इन्तानला बघणार, फोन नंतर. हे काही खरं नाही, ताई. पण ह्याच्याखाली मी काही लिहिणार नाही. फक्त येऊ देत.