अर्थिंगचा खड्डा

आई, कोन गावातल्या आपल्या घराचं वायरिंग झालं तो दिवस मला अजून दिसतो. वायरमनने मागच्या अंगणात खोल खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला. तिथून हिरवी वायर घरभर फिरवून प्रत्येक बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकाला जोडली. जाताना तुला म्हणाला, "मावशी, उन्हाळ्यात यात पाणी घालत जा. माती सुकली की अर्थिंग कामाची नाही." तू ते मनावर घेतलंस. होळी झाली की रोज सकाळी एक बादली तिथे. मी लूमवरची शिफ्ट संपवून येतो, तू खड्ड्यावर वाकलेली असतेस, आणि मी हसतो. "आई, तिथं काय झाड लावलंस?" तू कमरेवर हात ठेवून सरळ होतेस. "हस तू. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला रस्ता पायजे. तो न्हाय गावला तर मानसातून जातो." तू चौथीपर्यंत शिकलेली. मी बारावीला हेच पाठ करून मार्क मिळवले होते.

तू गेलीस, आणि पुढच्या वर्षी मी अंगणात टाईल्स बसवल्या. मिस्त्रीने विचारलं, "या खड्ड्याचं काय करू?" लेव्हल बिघडेल म्हणून मी म्हटलं, टाक बुजवून. कितीतरी वर्षं काहीच झालं नाही. या उन्हाळ्यात वॉशिंग मशीनच्या आतली वायर उंदराने कुरतडली. तुझी सून ओल्या पायांनी कपडे काढायला गेली आणि मशीनला हात लागताच मागे फेकली गेली. मी धावत जाऊन मेन बंद केला. ती वाचली, पण उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत स्टीलची पट्टी घातली आहे. तांदळाची भाकरी ती तुझ्याकडून शिकली होती. आता हाताला तेवढा दाब येत नाही. तुझी नात भाकऱ्या थापते आणि ही शेजारी पाटावर बसून बघत राहते.

प्लास्टर घालून ती घरी आली त्याच आठवड्यात नवा वायरमन आला. मीटर लावून पाहिला आणि म्हणाला, "सेठ, अर्थिंग तो आ ही नहीं रही. खड्डा किधर है?" टाईल्स फोडल्या. खालची माती विटेच्या भुकटीसारखी कोरडी निघाली. तुझी सून गळ्यातल्या झोळीत हात अडकवून दारात उभी होती. "आई तर इथं पाणी घालायच्या," ती म्हणाली. "हे बुजवलं कोणी?"

मी म्हटलं, "मिस्त्रीने. मला न विचारता."

ती आत गेली. तेव्हापासून रोज ठरवतो की आज सांगू. तुला सांगणं सोपं आहे, म्हणून तुला लिहिलं. ती जेवायला हाक मारतेय. उठण्याआधी हा कागद फाडणार आहे.