दोन एकर घेणार कोण

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा भाजीपाल्याची शेती, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर मुलीला. ती शहरात परिचारिका आहे, इथे राहायला येणार नाही. तरी किल्ली तिच्याकडे असावी.

२. कोळपं, खुरपी, फवारणीचा पंप लोहाराला. हल्ली तो गावातल्या जमिनी भाड्याने घेणाऱ्या कंपनीची फाटकं बनवतो, पण यातली निम्मी अवजारं त्याच्याच हातची आहेत.

३. धाकट्या दिरांना काही देत नाही. सर्वांत आधी कंपनीला जमीन भाड्याने दिली ती त्यांनी. त्यांचाही नाइलाज होता, हे कळतं मला. पण बांधाला बांध असून मला न सांगता सही केली, ते मनातून जात नाही.

४. शेत, दोन एकर, विहिरीसह. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आम्ही चौदा घरं भाजी पिकवायचो. एकट्यादुकट्याचा माल न्यायला कोण येणार? चौदा जणांचा मिळून टेम्पो भरायचा. त्या जिवावर बी-खताचं दुकान चालायचं, बस दिवसातून तीनदा यायची, शाळेला चार शिक्षक होते. मग एकेक घर जमीन देऊन निघून गेलं. सात उरलो तेव्हा टेम्पोवाला म्हणाला, "काकू, अर्धी गाडी रिकामी घेऊन किती दिवस येऊ?"

"या आठवड्यापुरता ये," मी म्हटलं. बिचारा पुढे चार महिने आला. मग बस बंद झाली, आणि गेल्या वर्षी शाळा.

माझ्याकडे अकरा वर्षं कामाला येणारी एक बाई होती. तिच्या हाताला माती कळते. शेत तिच्याच नावे करायचं ठरवून मी तिच्या घरी गेले. ती भांडी पोत्यात भरत होती.

"काकू, शेत घेतलं असतं हो," ती म्हणाली. "पण पोरींना शाळेत कुठं घालू?"

मी उंबऱ्यावर बसून पोत्याचं तोंड धरलं. सोमवारी ती गेली.

तेव्हा शेत मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. मुलाने तोंडावर सांगितलंय, "आई, मी ते कंपनीला देणार. तुला खोटं नाही सांगत." खरं बोलला, म्हणून रागावता येत नाही. शेत कसलंच पाहिजे, अशी अट घालायची होती. वकील म्हणाले, "अट लिहू, पण कसायला माणूस कुठून आणाल?" म्हणून अट नाही. विहिरीजवळचा तुकडा सगळ्यात शेवटी द्यावा, एवढं सांगते. ऐकतीलच असं नाही.

५. डब्यातलं घेवड्याचं बी त्या बाईला. नव्या घरी कुंडीपुरती तरी जागा असेल. पत्ता माझ्याकडे नाही, मुलीने शोधावा.

कायद्याला दोन साक्षीदार लागतात. गावात सही करणारी दोन माणसं मिळायला तीन दिवस गेले. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या आहेत.

साक्षीदार:
१) कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी (सही)
२) आठवड्यातून एकदा येणारे पोस्टमन (सही)

लिहून ठेवणारी: (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर