साहेबाच्या लाल गाडीची थरथर

सोमवार, ता. १२ नोव्हेंबर १९५६

आमच्या गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये आज खेळणं आलं आहे. लालभडक! दोन माणसांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही. विलायतेहून आणली म्हणे. तिथे छप्पर विसरले वाटतं.

गाडी कारखान्यातल्या श्रीपाद साहेबांची. तरणा पोरगा, बोलायला गोड. आमच्या ह्यांना म्हणाला, उभी असली की गरीब गाय, जोरात पळवायला गेलो की थरथरते. रविवारी न्यायला येणार. नीट झाली तर बाकीच्या साहेबलोकांच्या गाड्याही इकडेच पाठवतो म्हणाला.

तो गेल्यावर हे बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "बनू, ही जमली नाही तर शेड बंद करू. चिखलोलीला जाऊ, भावाबरोबर भात लावू."

मी म्हटलं, मी पुन्हा चिखलात उतरणार नाही, सांगून ठेवते. सगळी हयात पाना धरलेला माणूस — एका गाडीपायी शेड बंद करतो काय! चेष्टा असेल. पण हसले नाहीत.

मंगळवार, ता. १३

सकाळीच म्हणाले, चल, गाडीत बस. मी! तव्यावर भाकरी होती. म्हणे माझं लक्ष रस्त्यावर असतं, थरथर कुठून येते ते तू सांग. पूर्वी बोनेटवर नुसतं बोट टेकवून सांगायचे, अमका प्लग मेलाय. आता बायको लागते. म्हातारपणी चळ, दुसरं काय!

पदर खोचला आणि बसले. अंबरनाथ मागे पडलं आणि — कसं लिहू? भुई इतकी जवळ, हात सोडला असता तर गवताला लागला असता. धुकं होतं. डोंगर पाय नसल्यासारखे वरच्या वर उभे. कापलेल्या भाताचा वास येत होता आणि आम्ही त्या वासातून पोहत चाललो होतो. बोलायचं मी विसरलेच. हे विचारतायत, "येते का? अगं, येते का?"

मग आली. ह्यांनी पाय दाबला तशी बुडाखालून आली, कमरेत चढली. शेजारणीने उखळात कांडायला घेतलं की आपल्या भुईला कळतं ना, तशी. पाय काढला — गेली.

मी म्हटलं, पाय दाबला की येते, काढला की जाते. मग दाबू नका, झालं!

हसले. कितीतरी दिवसांनी.

बुधवार, ता. १४

उल्हासनगरला कॅम्पात जाऊन इंजिनाखालची रबरं आणली. जुनी चिरली होती. दुकानदार सिंधी, टहलराम. "मिस्त्री, नया रबर, गाडी मक्खन!" म्हणाला म्हणे. बसवली. पुन्हा फेरी मारली. कसलं मक्खन! तशीच थरथर.

ह्यांच्या हातून आज सारखा पाना पडत होता. शिव्या पान्याला.

गुरुवार, ता. १५

दुपारी जरा पडले तर स्वप्न. लाल गाडी पाण्याने भरलेल्या खाचरातून चालली आहे, आवाज नाही, लाट नाही. आई वाकून भाताच्या रोपांची आवणी करत होती. तिने मान वर केली, मला बघितलं, आणि ही कोण मडम म्हणून पुन्हा खाली वाकली. हाक मारायची होती. जाग आली.

उठून बसले तरी अंग अजून गाडीत असल्यासारखं. चहा करपला.

शुक्रवार, ता. १६

सापडलं!

आधी गाडी उभी ठेवून इंजिन वाढवलं. मी आत बसून. काही नाही. मग बदलापूरच्या वाटेला उतारावर गिअर काढून नुसती सोडली. काही नाही — कापसावरून गेल्यासारखी. मला वाटलं हा उतार संपूच नये. खाली गिअर टाकून पाय दाबला, आली. हे म्हणाले, म्हणजे इंजिन नाही, चाकं नाहीत, मधला दांडा. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेतो तो. पायात जास्त की बसायच्या जागी? मी म्हटलं बसायच्या जागी, अजून किती वेळा सांगू!

शेडमध्ये येऊन खाली शिरले. मागच्या चाकांवर गाडी तोलतात त्या कमानपाट्यांखाली बाभळीचे ठोकळे! साहेबाला बोलावलं. तो लाजला. पावसाळ्यात खडीवर पोट घासत होतं म्हणून हेंद्रेपाड्याच्या धोंडी सुताराकडून मागची बाजू उंच करून घेतली, बैलगाडी करतात तशी. सांगितलं नाही, कारण "लाकूड काय थरथरणार?"

हे म्हणाले, मागची बाजू चढली म्हणून दांडा तिरका झाला. गाडी रमतगमत असली की चालून जातं, जोर आला की दांडा सांध्यात अडखळतो. जात्याचा खुंटा कलला की तसंच होतं. एवढं मला कळतं.

शनिवार, ता. १७

ठोकळे काढले. पुन्हा फेरी.

निघताना शेजारची कौसाबाई दारात होती. "काय गं, रोजची हवा खायला? आम्हाला बैलगाडी पण नाही." मी म्हटलं, नवऱ्याला मिस्त्री कर.

नदीपर्यंत गेलो. ह्यांनी पाय दाबत नेला, दाबत नेला. वारा डोळ्यांत. काही नाही! अंगाखाली गाडी आहे की नाही तेच कळेना. हे विचारत होते, नक्की? नक्की गेली? मी डोळे मिटूनच हो म्हटलं. नदीवर थोडा वेळ थांबलो. पाणी चाललं होतं आणि मला वाटलं पाणी उभं आहे, आम्हीच चाललोय.

चिखलोलीला जायचं नाही आता. भात लावायचं नाही.

रविवार, ता. १८

साहेब यायच्या आधी इंजिन तापवून बघितलं आणि हे शेवटचे नट आवळायला खाली गेले. मला वास आला, जळक्या केसांसारखा. वाकून बघते तर डावा हात तापलेल्या सायलेन्सरवर टेकलेला आणि हे आपले नट आवळतायत. मी हात ओढला. कडेची कातडी नळीलाच राहिली. "काय झालं?" म्हणाले. मला विचारतात!

म्हणून मला शेजारी बसवत होते.

साहेब आला, खूश झाला, उद्या अजून गाड्या पाठवतो म्हणाला. तोवर ह्यांचा हात मी पदराखाली धरून ठेवला.

मग दार लावून एकेक बोट दाबलं. करंगळी — नाही. तिच्या शेजारचं — नाही. गौरीगणपतीपासून असं आहे म्हणाले. मधलं दाबलं तेव्हा डोळे मिटले. "हे कळतंय. तुझा हात गार आहे."

माणसाला गावाबाहेर काढतात त्या रोगाचं नाव मला येतं. लिहीत नाही. उद्या डॉक्टर. गाड्या उभ्या राहू देत.