वाचनालयातला बुधवार

३ फेब्रुवारी, मंगळवार
कुलूप काढायच्या आधीच नाना पायरीवर. निवृत्त कंडक्टर. दिवाळीनंतर बायको गेली. मुलगा-सून दिवसभर द्राक्षाच्या बागेत, नाना दिवसभर माझ्या वाचनालयात. पेपर वाचून झाला की विखुरलेली पानं क्रमाने लावतात, घडीवरून हात फिरवतात. आज घडी घालता घालता म्हणाले, "मॅडम, सकाळ झाली की भ्या वाटतं."
"कशाचं?"
"कशाचं नाय. सकाळचंच."
मी रजिस्टर ओढून घेतलं.

४ फेब्रु., बुध.
तालुक्याच्या दवाखान्यातून समुपदेशक आली. अश्विनी. दर बुधवारी इथे बसणार. बरोबर पाटी: 'मानसिक आरोग्य समुपदेशन केंद्र'. वाचनालयाच्या अध्यक्षांनी दारावरच ठोकून घेतली, शेजारी उभं राहून फोटो काढला. आत भिंतीवर आमची जुनी 'शांतता राखा'.
रोजचे वाचक सुदामआप्पा, पेपरातून मान वर न काढता: "बाहेर लिव्हलंय बोला, आत लिव्हलंय बोलू नका. मानसानं उंबऱ्यावर बसायचं का?"
कोणी आलं नाही. अ.ला नानांचं सांगितलं. तिने त्यांच्याकडे बघून नमस्कार केला. नानांनी पेपर उंच धरला.

७ फेब्रु., शनि.
नाना येत नाहीत. टेबलभर पानं, कुठलं कुठे.
टपरीवर कळलं. कोणीतरी म्हणालं, "नाना, तुमी बी मेंटलच्या शाळेत नाव घातलं व्हय?" सगळे हसले. नानाही हसले म्हणे. अर्धा चहा ठेवून निघून गेले.
मानसिक म्हणजे मेंटल. गावाने भाषांतर केलं. मला ते आधी दिसू नये. मी एम.ए., तेही मराठी.

९ फेब्रु., सोम.
नानांच्या घरी. सून म्हणाली, "खाटेवरून उठत नाय, ताई. हाक मारली की व्हय म्हनत्यात, तेवढंच." नाना भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, पेपरची पानं कोणी लावत नाही. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. मग,
"पाटी हाय का अजून?"
हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं.

१० फेब्रु., मंगळ.
पाटी काढली. अध्यक्ष फोनवर: "वरून विचारलं तर?" म्हटलं, सांगा, रंगवायला दिलीय. मग 'शांतता राखा'ही काढली. भिंतीवर तेवढाच पांढरा चौकोन.

११ फेब्रु., बुध.
अश्विनी वाचकांच्या टेबलाशी बसली. आप्पांनी विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही. गाव, मग कांदा, मग गुडघे. मग आप्पा आवाज उतरवून धाकट्या भावाचं सांगू लागले. मी कपाटामागे गेले.
जाताना अ. नानांकडे डोकावली. ते झोपलेले, किंवा तसे पडलेले. सुनेला म्हणाली, एकटं ठेवू नका. सून म्हणाली, बाग तोडणीला आलीय.
मग मुलगा-सुनेने आळीपाळीने घरी थांबायचं ठरलं. मुलगा तोंड पाडून हो म्हणाला.

१६ फेब्रु., सोम.
दमले. लोक येतात, पुस्तक नेत नाहीत, बसतात. बुधवार नसला तर मलाच सांगतात. ऐकते. घरी गेल्यावर ह्यांनी "भाजी काय?" विचारलं तरी नकोसं होतं.

१८ फेब्रु., बुध.
सकाळीच अ.चा फोन. हरसूलकडे शिबिर, येणार नाही.
आणि दुपारी नाना. दाढी वाढलेली. सून स्कूटीवरून सोडून गेली. दारापाशी थांबले, वर पाहिलं, नुसते खिळे. आत आले. आप्पांनी पायानेच खुर्ची सरकवली. "बसा कंडक्टर. जागा धरून ठेवलीय." बाकीचे वाचत राहिले. नानांनी पानं गोळा केली, लावली, घडी घातली.
"त्या बाई नाय आल्या?"
"पुढच्या बुधवारी."
"अन् तवर?"
पेपर माझ्यापुढे ठेवला. हात त्यावरच. रजिस्टर जवळच होतं. राहू दिलं.
म्हटलं, "उद्या सकाळी कुलूप तुम्ही काढाल?"
किल्ली घेतली त्यांनी. हो म्हणाले नाहीत.
किल्ली एकच आहे.