जांभळ्या पलटणीचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मनाई केल्यामुळे तूर्त तो उभ्याउभ्यानेच पोचता करतो आहे. परवानगी मिळाली की उरलेला भाग समक्ष भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला, की अजून पहाटे सगळ्या घराला उठवतो? माझं उत्तम चाललं आहे. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालतो आणि तू भिंतीवर चिकटवून गेलेल्या तक्त्यावर खूण करतो. परवा खूण आधी केली आणि थेंब घातला की नाही तेच आठवेना, तेव्हा तुझ्या धाकाने आणखी एक घातला. चाळीस वर्षं इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेल्या बहिणीचा धाक असा पत्राच्या अंतरावरूनही चालतो.

पत्रास कारण, आभार. होय, आभार. तू मला डोळ्याच्या डॉक्टरकडे कानाला धरून नेलंस तेव्हा मी तुला रिक्षात काय काय बोललो ते सगळं मागे घेतो. (रिक्षावाल्याने ऐकलं त्याला इलाज नाही.) तुझ्या नातीच्या साखरपुड्याला मी एक पायमोजा हिरवा आणि एक मरून घालून आलो, तेव्हा सगळे हसले आणि तू एकटी हसली नाहीस. दुसऱ्याच दिवशी मोतीबिंदूचं निदान! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. मी तर एकही मागितला नव्हता, तरी तू उजवा दिलास आणि डावा पुढच्या महिन्यात देणार आहेस. तेव्हा देवाची आणि तुझी रीत साधारण एकच म्हणायची, फक्त देव एवढा रागवत नाही.

आता मुख्य हकिकत. माझ्या रविवारच्या क्लबला तू "म्हातारपणची भातुकली" म्हणतेस. म्हण बापडी. वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबल टेनिसची दोन टेबलं जोडायची, वर हिरवी चादर अंथरायची, चादरीखाली जुने जाडजूड कोश सरकवले की टेकड्या तयार. मग त्यावर अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे शिपाई मांडून दोनशे वर्षांपूर्वी दोन परक्या राजांनी केलेली एखादी लढाई पुन्हा करायची. पलटण किती पुढे जाणार ते मोजपट्टीने मोजायचं, गोळ्या किती लागल्या ते फाशांनी ठरवायचं, आणि भांडण झालं की एकशे बारा पानांचं नियमांचं पुस्तक काढायचं, ज्याने भांडण मिटत नाही पण त्याला शिस्त येते. क्लबात आम्ही आठनऊ जण, पण नेमाने येणारे चौघेच: शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर, बेकरीवाल्या बाई, शहर बसचा ड्रायव्हर आणि मी. या खेळात प्रत्येकाने आपले शिपाई आपण रंगवायचे असतात. कोट कोणता, विजार कोणती, कॉलरीची पट्टी कोणती, सगळं त्या काळी होतं तसं. एक छटा चुकली तरी जाणकार माणूस नाक मुरडतो.

आणि तो नाक मुरडणारा जाणकार म्हणजे मी! ताई, चौतीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात मी छटा जुळवल्या. गिऱ्हाइकाने आणलेली चिंधी आणि आमचा ताका खिडकीतल्या उजेडात शेजारीशेजारी धरून मी "हं" म्हटलं की गाडी भरायची, "अंहं" म्हटलं की हौद ओतायचा. निवृत्त झालो आणि तो "हं" ऐकायला कोणी उरलं नाही. घरात मी एकटा. पडदा कोणत्या रंगाचा घेऊ हेसुद्धा मला कोणी विचारलं नाही, कारण पडदा मलाच घ्यायचा होता. मग दोन वर्षांपूर्वी या क्लबात गेलो आणि पहिल्याच रविवारी ड्रायव्हरने रंगाच्या दोन बाटल्या पुढे करून विचारलं, "काका, यातला निळा कोणता?" तुला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मी घरी चालत आलो. बसची आठवणच झाली नाही. माणसाला दोन वेळचं जेवण लागतं तसं कोणीतरी विचारणारंही लागतं, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तेव्हापासून क्लबातला निळा मी ठरवू लागलो. आमच्या राजाच्या सैन्याचे कोट गडद निळे आणि विजारी पांढऱ्या. मी कसले शिपाई रंगवले म्हणतेस! शहाण्णव शिपाई, एकेकाची कॉलर तीन केसांच्या ब्रशने. आणि दुसऱ्यांना सुखाने जगू दिलं नाही. ड्रायव्हरने रंगवून आणलेले अठ्ठेचाळीस शिपाई बघून मी म्हणालो, हा निळा नव्हे, काळा आहे, पुसून ये. तो पुसून आला. दुसऱ्यांदा म्हणालो, अजून काळाच. तिसऱ्यांदा पास केलं. बेकरीवाल्या बाईंनी टेबलावरची नदी रंगवली, तर तीही दोनदा बदलायला लावली. मास्तर एकदाच चाचरत म्हणाले, की पुस्तकातल्या चित्रात कोट जरा वेगळा दिसतो. त्यांना मी छापखानेवाले रंगाची कशी वाट लावतात यावर पाऊण तास सुनावलं. ते मान डोलावत राहिले. सवय असणार. शाळेत त्यांच्यापुढे हेच चालत असेल.

तू गुरुवारी परत गेलीस. शुक्रवारी सकाळी मी कौतुकाने कपाट उघडलं, म्हटलं नव्या डोळ्याने आपलं सैन्य बघू. ताई, पायाखालची जमीन सरकली. कपाटात शहाण्णव जांभळी माणसं उभी होती! गडद, झगझगीत, पिकल्या जांभळासारखी, आणि विजारी आकाशी. मी उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. निळे कोट, पांढऱ्या विजारी, शिस्तीत. डावा मिटून उजव्याने पाहिलं. जांभळे! पाच मिनिटं मी कपाटापुढे उभा राहून आळीपाळीने डोळे मिचकावत होतो. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. मोतीबिंदूमुळे खरा गडद निळा मला काळा दिसत होता, म्हणून मी जांभळा उचलला. पांढरं पिवळट दिसत होतं, म्हणून त्यात निळं ओतत गेलो. पण माझं एक वेळ राहू दे. ड्रायव्हरचे शिपाई पहिल्या दिवशीच बरोबर होते! तो बिचारा मधे कसनुसा होऊन सांगत होता, की त्याने स्वतःचे डोळे दोनदा तपासून घेतले, रंग कळेनासे झाले तर परवाना जाईल म्हणून. डॉक्टरांनी दोन्ही वेळा त्याला ठणठणीत सांगितलं होतं. मी तेव्हा त्याला म्हणालो होतो, डॉक्टर बदल. हे आठवलं आणि मी खुर्चीत बसलो तो दुपारपर्यंत उठलो नाही. चौतीस वर्षांची अब्रू, आणि आमच्या ओळखीतला सगळ्यांत सरळ माणूस, दोन्हींची मी माती केली होती.

रविवारी दुसऱ्या गावच्या क्लबशी सामना होता. दोन दिवसांत शहाण्णव कोट रंगवून टाकावेत असं मनात आलं, पण तू ब्रश पिशवीत घालून घेऊन गेली होतीस. मी तुला जे म्हणालो ते लिहीत नाही. आता त्याबद्दलही आभार मानतो, कारण मी माझे तेवढे निळे केले असते, तर टेबलावर माझेच शिपाई बरोबर आणि माझं ऐकलेल्या सगळ्यांचे चूक, असा देखावा झाला असता. तो मला जन्मात पुसता आला नसता.

शेवटी ठरवलं, जायचं, सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि क्लब सोडायचा. काळा चष्मा लावून वाचनालयाचा जिना चढलो. पाहतो तर पाहुणे आधीच हजर, आणि टेबलावर आमच्या बाजूचं अख्खं सैन्य जांभळं. मधून नदी वाहत होती, तीही जांभळी. पाहुण्यांचा कप्तान पेशाने दंतवैद्य. त्याने टेबलावर ओणवं होऊन, किडका दात बघावा तसं माझ्या पलटणीकडे पाहिलं आणि विचारलं, की हा असला रंग कोणत्या पुस्तकात आहे? त्याच्या मागचे दोघे फिदीफिदी हसले. कबुली द्यायची तर हीच वेळ होती.

मी तोंड उघडणार तोच बेकरीवाल्या बाई, हातातली मोजपट्टी न सोडता, अगदी सहज म्हणाल्या, "या टेबलावर निळा कोणता ते काका ठरवतात. चौतीस वर्षं तेच करत होते." मास्तरांनी मान डोलावली. ड्रायव्हर म्हणाला, "खेळायचंय ना? मग टाका फासे."

संपलं. दंतवैद्याने फासे उचलले. ताई, त्या क्षणी मला कळलं, की यांना सगळं दिसत होतं, कधीपासूनच. दोन वर्षं हे लोक रात्रंदिवसाची कामं सांभाळून, चांगले रंगवलेले शिपाई पुसून, माझ्या डोळ्याला दिसेल तसे रंगवत बसले; का, तर एक म्हातारा रविवारी जिना चढून यायचा बंद होऊ नये. माझे डोळे भरून आले. तू बजावलं होतंस की डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आतून आलं तर काय करायचं ते तक्त्यात नाही.

लढाईचं सांगतो आणि आवरतो. मधल्या पुलावर माझी पलटण होती. दंतवैद्याने नियमांचं पुस्तक पालथं घातलं, त्याला जांभळी पलटण काही सापडेना. पुस्तकात सापडत नाही म्हणजे काहीतरी खास राखीव फौज असणार, असा त्याने स्वतःच तर्क केला आणि दोन डाव माझ्या वाटेलाच गेला नाही. त्यातच मी सवयीने एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटून पुलाकडे बघत होतो. चष्म्याच्या कडेने ते त्याला दिसलं आणि मी बेकरीवाल्या बाईंना खुणा करतो आहे अशी त्याने पंचांकडे तक्रार केली. पंचांनी मला डोळे मिचकावायला मनाई केली. बाई म्हणाल्या, या वयात कोणी मिचकावत असेल तर हरकत कशाला? शेवटच्या डावात त्याचे घोडेस्वार माझ्यावर आले. पलटणीचा धीर टिकतो का हे बघायला फासे टाकायचे होते, नऊच्या वर हवे होते. मी ते ड्रायव्हरच्या हातात दिले, त्याने टाकले. अकरा! पूल राहिला, सामना बरोबरीत सुटला. बरोबरीला इतका आनंद झालेली माणसं मी पाहिली नव्हती.

तर असं आहे. तू माझा डोळा उघडलास त्याबद्दल जन्माचा ऋणी आहे. दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्यांना शेक.

तुझा,
एका डोळ्याने शहाणा झालेला,
धाकटा

ता. क. — मी कबुली दिली की नाही, हे वर लिहायचं राहिलं. नाही दिली. पाहुणे गेल्यावर पुन्हा तोंड उघडलं, पण मास्तरांनी हळूच विचारलं, "रंग कसे दिसतात आता?" आणि तिघेही असे श्वास रोखून बघू लागले, की मी म्हणालो, "तसेच. डॉक्टर म्हणाले, रंगांना वेळ लागतो." त्यांनी माझ्यासाठी दोन वर्षं निभावलं, मला एक वाक्य निभावता येऊ नये? आता खरी विनंती अशी: पुढच्या महिन्यात तू दुसऱ्या डोळ्यासाठी येशील तेव्हा बेकरीवाल्या बाईंनी तुला चहाला बोलावलं आहे. तिथे तिघेही तुला माझ्या रंगांचं नक्की विचारतील. तू जन्मात खोटं बोलली नाहीस हे मला ठाऊक आहे. शाळेत माझ्या हातून काच फुटली तेव्हा मुख्याध्यापकांना माझं नाव तूच सांगितलं होतंस. पण एवढं एकदा सांग, की रंगांना वेळ लागतो. मेट्रनने सांगितलं की कोणी शंका घेत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ता. क. २ — पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर येऊन गेला. नवे बारा शिपाई घेतलेत म्हणे. खिशातून रंगाची बाटली काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, काका, हा निळाच ना? बाटलीवर नाव छापलेलं होतं, त्यावर त्याने अंगठा घट्ट दाबून धरला होता. कडेने "जांभ" एवढं मला स्वच्छ वाचता आलं. मी म्हणालो, "हं." त्याने बाटली पटकन खिशात टाकली, दारापर्यंत गेला आणि चपला घालताना म्हणाला, "काका, दुसऱ्या डोळ्याची काही घाई नाही हं."